रोही-रानडुकरांसाठी रायफल घेता येते का? बंदूक, परवाना आणि शिकारीची परवानगी, सगळं सोप्या भाषेत

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बदनापूर तुरीसाठी ओळखलं जातं. राज्यभरातले शेतकरी 'बीडीएन ७११' ही तूर पेरतात, त्यातलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इथल्या कृषी संशोधन केंद्रानं हे वाण दिलं. पण तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे लागले की रोह्यांचे कळप आणि रानडुकरं रानात उतरतात. मग बॅटरी आणि काठी घेऊन रात्रभर जागल करावी लागते.

त्यातच मोबाईलवर अमेरिकेतले रील दिसतात. रात्रीचा अंधार, दुर्बीण लावलेली रायफल, समोर कोयोट आणि एका गोळीत काम तमाम. ते बघून एखादी स्वस्तातली रायफल आपणही घ्यावी का, असा प्रश्न अनेकांना पडतो.

याचं उत्तर आधीच सांगतो. परवाना मिळाला तर रायफल घेता येते. पण पीक राखण्यासाठी कायद्यानं सांगितलेलं हत्यार रायफल नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नाही. हे दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या कार्यालयांतून मिळतात. बहुतेक जण इथेच फसतात.

अमेरिकेत चालतं, मग आपल्याकडे का नाही?

कोयोट हा आपल्या कोल्ह्याचा नातेवाईक. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्याची शिकार वर्षभर करता येते. तिथले नवशिके शिकारी .२२३ कॅलिबरची साधी बोल्ट-ॲक्शन रायफल घेतात. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन ही त्यातली कमी किमतीची मॉडेल्स. आपल्याकडे ती दुकानात शोधून उपयोग नाही, कारण सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंदच आहे.

दुसरं म्हणजे, भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. जखमी करणं, फासा लावणं, सापळ्यात पकडणं आणि तसा प्रयत्न करणं हेसुद्धा या कायद्यात शिकारच आहे.

आणि कोल्ह्याचं म्हणाल तर तो शेतकऱ्याचा मोठा शत्रू नाहीच. तो कधी मक्याची कणसं, भुईमूग किंवा टरबूज खातो, कोंबडी उचलतो. पण त्याच्या पोटात सगळ्यात जास्त जातात ते उंदीर. कोल्हा, खोकड आणि लांडगा हे तिन्ही संरक्षित प्राणी आहेत.

मग कोणती बंदूक मिळू शकते?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा थेट उल्लेख आहे. त्यासाठी कायद्यानं सांगितलेलं हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ठासायची ती जुन्या पद्धतीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. आपल्या भाषेत बारा बोअर.

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ आणि लांब जाते. लायसन्सवर मिळणारी नेहमीची देशी रायफल म्हणजे .३१५ बोअर. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. तिची गोळी हुकली तर किलोमीटरच्याही पुढे जाते. लहानशी वाटणारी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. आता बदनापूर तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बरीचशी सपाट जमीन, शेताशेतात वस्त्या, पहाटे मोटार चालू करायला निघालेली माणसं, गोठ्यातली जनावरं. गोळी अडवायला डोंगर नाही. अशा ठिकाणी रात्री रायफल चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

बारा बोअरचे मोठे छर्रे साधारण ३० ते ४० मीटरपर्यंतच नीट काम करतात. शिकाऱ्याला ही उणीव वाटेल, पण वस्तीच्या रानात तोच तिचा गुण आहे. (त्यापुढेही छर्रे इजा करतातच, हे विसरू नका.) खर्चाचं बघितलं तर एकनळी बंदूक दुनळीपेक्षा स्वस्त पडते. जुनी बंदूक एका परवानाधारकाकडून दुसऱ्याला विकता येते, पण त्याआधी प्रशासनाला लेखी कळवावं लागतं.

जुनी घेत असाल तर नळी उजेडात धरून आतून गंज, खड्डे आहेत का ते बघा. सांधा ढिला असेल तर घेऊ नका. आणखी एक, जुन्या बऱ्याच बंदुका अडीच इंची काडतुसासाठी बनवलेल्या असतात. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण ते उडवणं धोक्याचं आहे. नळीवरचा शिक्का जाणकाराकडून वाचून घ्या.

एअरगनला तर परवाना लागत नाही ना?

.१७७ कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं आहे. पण ती हत्यार म्हणून मोकळी आहे, शिकारीसाठी नाही. तिनं मोर किंवा ससा टिपला तर गुन्हा तोच. रोह्याला तर तिचा छर्रा नुसती जखम करेल.

शस्त्र परवाना कसा मिळतो?

जालना जिल्ह्यात हा परवाना जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी देतात. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं हवं. अर्जात कारण स्पष्ट लिहावं लागतं. सातबारा आणि आधीच्या नुकसानीचे पंचनामे जोडले तर 'पीक संरक्षण' या कारणाला आधार मिळतो. पोलीस चौकशी होते आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात.

अर्ज केला म्हणजे परवाना मिळेलच असं नाही. आणि मिळाला तर वरातीत हवेत बार काढायची हौस आवरा, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विनापरवाना गावठी कट्टा सापडला तर किमान दोन वर्षं तुरुंगवास आहे.

आता दुसरा कागद: वन विभागाची परवानगी

२०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. या प्राण्यांनी उभ्या पिकाला धोका निर्माण केला, तर कलम ११ नुसार अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारनं जुलै २०१५ च्या शासन निर्णयात रोही आणि रानडुकरांसाठी हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. शेतकऱ्याच्या अर्जावर २४ तासांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असं समजण्याची तरतूदही त्यात आहे. पण फक्त त्या तरतुदीच्या भरवशावर बंदूक उचलू नका. अर्जाची पोच घ्या आणि सध्या लागू असलेल्या अटी लेखी विचारा.

ही परवानगी 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते, असे कायद्याचे शब्द आहेत. म्हणजे बंदूक शेतकऱ्याचीच हवी असं नाही. परवानाधारकाच्या नावे परवानगी घेता येते. ज्यांच्या शेतात वर्षातून महिनाभरच त्रास होतो, त्यांनी बंदूक घेण्यापेक्षा हा रस्ता धरावा असं आम्हाला वाटतं. मात्र त्याची बंदूक उसनी आणून स्वतः चालवायची नाही.

मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. मटणाचा वाटा केला की परवानगीचा कागदही वाचवू शकत नाही.

काळवीट, मोर आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाचं नुकसान हे कारण देऊन त्यांना मारायची परवानगी मिळत नाही. कळपात रोही कोण आणि काळवीट कोण, हे बॅटरीच्या उजेडात ओळखता येत नसेल तर घोडा ओढू नये. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

बिहारमध्ये रोही मारले, मग इथं सरसकट का नाही?

केंद्र सरकार कलम ६२ नुसार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी 'उपद्रवी' जाहीर करू शकतं. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकरांसाठी असं झालं. जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त रोही मारले गेले. त्यावरून तेव्हाचे पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला होता. बिहारची ती अधिसूचना महाराष्ट्राला लागू होत नाही.

बंदूक नको असेल तर?

झटका मशीन लावा, पण त्यात मेन लाइनचा करंट सोडू नका. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर घाबरून पळतं. तारेत थेट वीज सोडल्यानं शेतात पाणी द्यायला आलेली माणसं मेली आहेत, आणि अशा वेळी शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

नुकसान झालं तर घटनेपासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. रोही, रानडुक्कर, हरीण, माकड यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीला राज्य सरकारची भरपाई आहे. लांडग्यानं शेळी-मेंढी नेली तर तिचीही आहे. शिवाय, खरीप २०२६ पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान धरलं जाईल, असं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यासाठी ७२ तासांत विम्याच्या ॲपवर फोटोसह नोंद करावी लागते. म्हणून सकाळी मोडलेली तूर दिसली की पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नका, आधी ठिकाणाची नोंद होईल असे फोटो काढा.