टार्झनचा जबडा, जिप्सीचा चेहरा



या वेळचं पत्र नंदिनी नगरातून. भिलाईच्या उत्तरेला बोट सरकवलंत की नकाशावर सापडेल. भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी इथे आहेत, खाणवाल्यांची वसाहत आहे आणि एक धावपट्टी आहे. डंपर गेला की मागे पांढरी धूळ उठते आणि सकाळी पॉलिश केलेले बूट दहा वाजेपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. आम्ही इथे कशासाठी आहोत ते सोडून द्या, नेहमीप्रमाणे.

परवा टीव्ही रूममध्ये ‘टार्झन : द वंडर कार’ लागला होता. चित्रपट ऑगस्ट 2004चा, अब्बास-मस्तान यांचा. तिकीटबारीवर तो फारसा चालला नव्हता, पण टीव्हीने त्याला पोरांचा लाडका करून टाकलं. आमच्यातले निम्मे जवान तेव्हा पाळण्यात होते, तरी त्यांना ती जांभळी गाडी तोंडपाठ आहे. वाद असा पेटला की ती गाडी खरी की नुसता सांगाडा? एमटीमधला एक पोरगा तर हट्टालाच पेटला. त्याने जुनी दोन दारांची छोटी गाडी घेतलीय आणि तिला ‘तसाच दांडगा लूक’ द्यायचाय. त्याला दिलेलं उत्तर लांबलं, म्हणून ते इथे लिहितोय. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी वाचावं, आणि ज्यांच्या घरात असा पोरगा आहे त्यांनी तर नक्कीच.

गाडी खरी होती. चित्रपटातल्या त्या राक्षसाच्या पोटात टोयोटाची एमआर-2 होती. 1984 साली जपानात बाजारात आलेली ही दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स कार. तिचं इंजिन बॉनेटखाली नसतं, आसनांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असतं. मूळची एमआर-2 नीटनेटकी, आटोपशीर दिसते. हुशार, पण भांडखोर नाही. तिला जबडा बसवला मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी, म्हणजे ‘डीसी’ने.

छाब्रिया अमेरिकेत पॅसाडीनाच्या आर्ट सेंटरमध्ये गाड्यांचं डिझाइन शिकले, थोडे दिवस जनरल मोटर्समध्ये राहिले आणि मुंबईला परतले. सुरुवात गाड्यांच्या किरकोळ साहित्यापासून केली आणि 1993 साली डीसी डिझाइन उभं केलं. तो काळ आठवा. रस्त्यावर ॲम्बॅसडर, पद्मिनी, मारुती 800, आणि आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून वेगळी दिसावी असं वाटलं तर फार तर सीट कव्हर बदलायचं. अशा वेळी त्यांनी पहिली गाडी कुठली बदलली? मारुती जिप्सी. जुन्या ड्रायव्हर मंडळींना इथे हसू येईल. जिप्सीकडे परत येतोच.

छोट्या गाडीला दांडगं दाखवायचं तंत्र ठरलेलं आहे. चाकं मोठी घ्यायची आणि दोन चाकांमधलं अंतर वाढवायचं, म्हणजे गाडी पाय फाकवून उभी राहिल्यासारखी वाटते. चाकांवरच्या कमानी फुगवायच्या. खिडक्यांची पट्टी अरुंद करायची आणि पत्र्याचा भाग वाढवायचा, म्हणजे गाडी जाडजूड, चिलखत घातल्यासारखी भासते. दिवे बारीक आणि आतल्या बाजूला उतरते करायचे, की डोळे वटारलेच. खालची हवेची जाळी रुंद आणि काळी केली की तोंड उघडलं. एमआर-2सारख्या गाडीत हे सोपं जातं, कारण पुढे इंजिन नसल्याने नाक हवं तितकं खाली दाबता येतं. पुढे इंजिन असलेल्या साध्या गाडीत बॉनेट एका हद्दीखाली जातच नाही, मग माणसं वरून स्कूप चिकटवतात. आत हवा शिरत नाही असा स्कूप.

आपण गाडीत चेहरा पाहतो हे नुसतं कविकल्पनेतलं नाही. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली यावर निबंध छापला. लोकांना गाड्यांची तोंडं दाखवून स्वभाव विचारला, तर उत्तरं बरीच जुळली. रुंद आणि बारीक डोळ्यांच्या गाड्या लोकांना दबंग, रागीट वाटल्या, आणि बहुतेकांना आवडल्याही त्याच.

फौजेला हे त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश हवाई दलाच्या 112 स्क्वॉड्रनने आपल्या पी-40 विमानांच्या नाकावर शार्कचे दात रंगवले. जर्मनांच्या एका तुकडीच्या विमानांवर तसा जबडा आधीच होता. ब्रिटिशांचं चित्र पाहून ब्रह्मदेशात जमलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांनी, म्हणजे ‘फ्लाइंग टायगर्स’नी, 1941 साली तेच उचललं. त्या जबड्याने विमानाचा वेग ताशी एक मैलानेही वाढला नसेल. पण तो शोभला, कारण पी-40च्या हनुवटीखाली रेडिएटरसाठी हवेचं मोठं तोंड खरोखरच होतं. रंगाऱ्याने फक्त दात भरले. जबडा बसवायला आधी तोंड असावं लागतं, हे त्या पोराला पहिल्यांदा सांगितलं.

उलटं उदाहरणही आहे. 1958 साली इंग्लंडमध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. इवलीशी, स्वस्त, उघडी स्पोर्ट्‌स कार. दिवे बॉनेटमध्ये झाकून ठेवायचा मूळ बेत होता, म्हणजे दिवसा नाक सपाट आणि तीक्ष्ण दिसलं असतं. ती यंत्रणा महाग पडली, म्हणून दिवे तसेच बॉनेटवर उभे ठेवले. झालं, लोकांनी तिला ‘फ्रॉगआय’, बेडूकडोळी, म्हणायला सुरुवात केली. 1961 साली कंपनीने तिला चौकोनी, गंभीर चेहरा दिला, दिवे कडेला नेले. आज जुन्या गाड्यांचे शौकीन जीव टाकतात तो मात्र बेडकीवरच.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्याची आहे. 1990च्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची छोटी उघडी गाडी काढली. कारखाना गोव्यात वेर्ण्याला. समूह मूळचा बंगळूरचा आणि त्याचा खरा धंदा कारखान्यांच्या आवारात वाघिणी ओढणाऱ्या डिझेल इंजिनांचा. म्हणजे नंदिनीसारख्या खाणीच्या सायडिंगवर जे धूड धुरकटत उभं असतं, त्या जातीचं यंत्र बनवणाऱ्यांनी ही फुलपाखरासारखी गाडी केली. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, 60 अश्वशक्तीचं. अंग फायबरग्लासचं. नाव वादळ, पण चेहरा मवाळ. रस्त्यावर ती फारच थोडी दिसली. मला विचाराल तर ती प्रामाणिक गाडी होती, 60 अश्वशक्तीला शोभेल इतपतच आव आणणारी.

फायबरग्लास का, हा प्रश्न इथे भिलाईच्या दारात बसून विचारण्यासारखा आहे, कारण साऱ्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे. नंदिनीची चुनखडी झोतभट्टीत जाते. खनिजातली वाळूमाती ती स्वतःत ओढून घेते, त्याची मळी वर तरंगते आणि खालून लोखंड काढतात. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पण भिलाईचं पोलाद गाडीच्या अंगासाठी नसतं. इथे रेल्वेचे रूळ होतात, जाड प्लेटी होतात. ‘आयएनएस विक्रांत’साठी जे खास पोलाद लागलं, त्याच्या प्लेटी पुरवणाऱ्या सेलच्या कारखान्यांत भिलाई आहे. मोटारीच्या अंगाला लागतो तो मिलिमीटरहूनही पातळ, थंड लाटलेला पत्रा, आणि त्याला आकार द्यायला लागतात अजस्र प्रेस आणि पोलादी साचे. एकेका दरवाजाला, एकेका मडगार्डला तीन-चार साचे. हा खर्च इतका असतो की लाखभर गाड्या खपल्या तरच निघतो. लाख गाड्या खपवायच्या तर चेहरा सगळ्यांना चालेल असा ठेवावा लागतो. म्हणून कारखान्याची छोटी गाडी सोज्वळ दिसते.

फायबरचं तसं नाही. लाकूड, फोम, पुट्टी घेऊन कारागीर पूर्ण मापाचा आकार घडवतो. त्यावरून साचा काढतात. साच्यात जेलकोट मारायचा, काचतंतूची मॅट अंथरायची, वरून रेझिन रोलरने दाबायचं आणि वाळू द्यायचं. दहा गाड्या करायच्या असोत की एक, जमतं. 1953 साली शेव्हरोलेने पहिली कॉर्व्हेट केली ती याच पद्धतीने, पहिल्या वर्षी जेमतेम 300. गणपतीच्या मूर्तींचे साचे पाहिलेल्या पेणकरांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. अशा कारखान्यात एका गिऱ्हाइकाला हवा तितका रागीट चेहरा देता येतो, कारण दुसऱ्या कुणाला तो आवडायची गरजच नसते. आपल्याकडे दांडग्या लूकचा धंदा मुंबईत फायबरवाल्यांच्या हाती का गेला, ते यावरून कळेल.

पुढे डीसीने स्वतःचीच गाडी काढायचं धाडस केलं. जानेवारी 2012च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ दाखवली. इंजिन मध्ये, माणसं दोन, रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, सुमारे 250 अश्वशक्ती. पुण्याजवळ तिचं उत्पादनही झालं. टार्झनचा जबडा या वेळी उसन्या गाडीवर बसवलेला नव्हता, सांगाडा त्याच्यासाठीच केला होता. पण इंजिन बाहेरचंच. 2020च्या अखेरीस अवंतीच्या नोंदणी आणि कर्जांबाबतचे आरोप पोलिसांपर्यंत गेले, तो विषय न्यायालयाचा, आपला नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की चेहरा आपल्याला केव्हाच जमला होता. अडलं ते इंजिनावर आणि हजारो गाड्या सारख्याच घडवण्यावर.

आता जिप्सी. डिसेंबर 1985मध्ये ती बाजारात आली आणि 1990च्या दशकात फौजेत सगळीकडे दिसू लागली. आधी 970 सीसी, नंतर 1300. गोल दिवे, सरळ उभी काच, खोक्यासारखं अंग. तिच्या चेहऱ्यावर राग म्हणून नाही. शाळेच्या मास्तरांसारखी दिसते. पण खाली शिडीसारखी चासी, चारही टोकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ताकद आणि चढासाठी वेगळा लो गिअर. सियाचीनच्या पायथ्यापासून राजस्थानच्या वाळूपर्यंत तिने ज्यांना नेलं-आणलं त्यांना तिचा लूक कसा आहे असा प्रश्न कधी पडला नाही. कंबरेची हाडं खिळखिळी केली हा तिच्यावरचा एकच आरोप, आणि तो सिद्ध झालेला आहे! आणि शहरातल्या हौशी लोकांनी तिलाच मोठी चाकं, रंगीत दिवे, फुगीर कमानी लावून ‘दांडगं’ केलं.

त्या पोराला मी लूक करू नकोस असं सांगितलं नाही. तरुण माणसाने हौस करावी. पण काही गोष्टी नुसत्या चवीच्या नसतात. सगळ्यात आधी पुढचा लोखंडी गार्ड. हा लावला की छोटी गाडी रेड्यासारखी दिसते हे खरं. पण गाडीचं नाक धक्का बसल्यावर चुरगळावं असं मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. एअरबॅगचे सेन्सरही त्याच हिशोबाने बसवलेले असतात. पुढे पाइप ठोकला की धक्का थेट चासीला जातो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याच्या मांडीची काय गत होईल ते वेगळं सांगायला नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017मध्ये राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला लिहिलं, ते याच कारणाने.

मग चाकं. एमआर-2चं अंग बदलणाऱ्याकडे वर्कशॉप असतं, तो अलाइनमेंट, ब्रेक, सस्पेन्शन सगळं नव्याने बघतो. दुर्गच्या टपरीवर दोन इंच मोठी चाकं घातली की स्टीअरिंग वळवताना टायर कमानीला घासतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि जादा वजनाने बेअरिंग गळतात. रजेवर जाताना याच गाडीत तो आईला आणि बहिणीला बसवणार आहे.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये केरळच्या एका प्रकरणात निकाल दिला. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेहून वेगळी अशी गाडी बदलता येणार नाही. डीसीच्या जमान्यातली मोकळीक आता उरलेली नाही. चासी, अंगाची रचना यांना हात लावला तर आरसी अडचणीत येते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच शोधते. रंग बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यायची. आतली आसनं, म्युझिक, स्टीअरिंगचं कव्हर यावर कुणी डोळे वटारत नाही.

पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “उस्ताद, मग नुसते दात रंगवले तर?” बॉनेटखाली हवेचं तोंड खरंच आहे का, ते बघायला आम्ही दोघं एमटीकडे गेलो. आहे, पण अर्धं नंबर प्लेटने झाकलंय.