घरातील ध्वनी : काय बदलावे, काय राखावे

घरच्या चित्रगृहासाठी नवा प्रीअँप निवडताना इतिहास उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. १९४० साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने प्रेक्षकांस ध्वनीने वेढले, परंतु ती यंत्रणा खर्चिक असल्याने मोजक्याच चित्रगृहांत बसली. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड घरात आले. १९८७ च्या प्रो लॉजिकने संवादांसाठी मधला स्पीकर दिला. डॉल्बी डिजिटल (१९९२) आणि अ‍ॅटमॉस (२०१२) आधी चित्रगृहांत, मागाहून घरी आले. दर वेळी पालटली ती ध्वनी उलगडण्याची रीत. जुने अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर उपयोगी राहिले. म्हणून प्रीअँप स्वतंत्र असावा, म्हणजे तेवढाच बदलता येतो. निवडताना वाहिन्यांच्या संख्येआधी संवादांची स्पष्टता पारखावी. घरातील वृद्धांना शब्द कळले नाहीत, तर बाकीचा नाद व्यर्थच.