ओकोनोमियाकीचा सॉस : एका घरगुती कृतीचा इतिहास

चार मोठे चमचे टोमॅटो केचप, तीन चमचे वूस्टर सॉस, एक चमचा सोया सॉस आणि एक चमचा साखर. हे सगळे एका वाटीत साखर विरघळेपर्यंत ढवळायचे, हवे तर मंद आचेवर दोन-तीन मिनिटे आटवून घ्यायचे. ओकोनोमियाकी या जपानी पदार्थावर लावायचा सॉस घरी करण्याची ही सर्वांत सोपी कृती आहे.

ओकोनोमियाकी म्हणजे गव्हाच्या पिठात भरपूर चिरलेला कोबी घालून तव्यावर भाजलेले जाड, तिखटमिठाचे धिरडे. 'ओकोनोमी' म्हणजे आपल्या आवडीचे आणि 'याकी' म्हणजे भाजलेले. आवडीप्रमाणे त्यात अंडे, मांस, कोळंबी, नूडल्स काहीही घालता येते. वरचा गडद, आंबटगोड, चकचकीत सॉस मात्र सहसा सुटत नाही.

आता वरच्या यादीकडे स्वयंपाकाची कृती म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून पाहा. केचप, वूस्टर सॉस, साखर आणि सोया सॉस यांपैकी जपानी म्हणता येईल असा एकच घटक आहे, आणि तोही एक चमचा. तरीही तयार होणारी चव जगभर 'जपानी' म्हणून ओळखली जाते. हे कसे घडले, हा या टिपणाचा प्रश्न आहे.

सुरुवात वूस्टर सॉसपासून करू, कारण सगळा गुंता त्याच बाटलीत आहे. इंग्लंडमधील वूस्टर गावातील जॉन व्हीली ली आणि विल्यम हेन्री पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ च्या सुमारास हा सॉस विकायला काढला. व्हिनेगर, काकवी, खारवलेले अँचोव्ही मासे, कांदा, लसूण, मसाले आणि चिंच असे त्याचे घटक. या सॉसची एक आख्यायिका तुम्ही कदाचित वाचली असेल. बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड सँडिस यांनी भारतातून पाककृती आणली, औषधविक्रेत्यांनी ती करून पाहिली, चव भयंकर लागली म्हणून पिंप तळघरात टाकून दिले आणि काही काळाने उघडले तर सॉस मुरून उत्तम झालेला, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे, पण लॉर्ड सँडिस नावाचा बंगालचा गव्हर्नर कधी झालाच नाही. उत्पादकांनी सांगितलेला इतिहास तपासून घ्यायचा असतो याचे हे नेहमीच्या वापरातले उदाहरण आहे. चिंच मात्र खरी आहे. ती इंग्लंडमध्ये पिकत नाही. व्यापारी जहाजांतून आलेल्या वस्तूंशिवाय हा 'इंग्लिश' सॉस तयारच झाला नसता.

येथे सोया सॉसचाही उलटा प्रवास लक्षात घ्या. जपानने परकीयांना दारे बंद केली होती त्या काळातही नागासाकीच्या बंदरात डच व्यापाऱ्यांना मुभा होती, आणि त्यांच्या जहाजांतून जपानी सोया सॉस बाहेर जात असे. इंग्रजीतला 'सोय' हा शब्द जपानी 'शोयू'वरून, डच भाषेच्या वाटेने आला. म्हणजे शब्द आधी सॉसचा आणि मग त्या शेंगेचा; आपण मराठीत 'सोयाबीन' म्हणतो तेव्हा तोच शब्द वापरतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या टेबलावर सोया सॉसची कुपी असे. केचपचे मूळही आशियाई आहे. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावरील आंबवलेल्या माशांच्या पाण्याचे नाव इंग्रजांनी उचलले. टोमॅटो त्यात पुष्कळ नंतर आला. गडद, खारट, आंबवलेल्या रसांची आवड इंग्रजांनी पूर्वेकडून घेतली आणि ती बाटलीत भरून पुन्हा पूर्वेला विकली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा पेरी जपानच्या किनाऱ्यावर आला, पुढे १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापाराला खुले झाले. १८६८ नंतरच्या मेइजी राजवटीला पाश्चात्त्यांची बरोबरी करायची होती आणि तिच्या दृष्टीने ताट हेही त्याचेच एक क्षेत्र होते. बौद्ध प्रभावाखाली शतकानुशतके गोमांस वर्ज्य मानणाऱ्या देशात १८७२ मध्ये सम्राटाने ते खाल्ल्याचे जाहीर झाले. हळूहळू 'योशोकु', म्हणजे पाश्चात्त्य जेवण, असा पदार्थांचा वेगळा वर्ग तयार झाला: कटलेट, क्रोकेट, करी-राइस. ही करीसुद्धा भारतातून थेट न जाता इंग्रजांच्या वाटेने जपानमध्ये पोचली आणि तिथे ती 'पाश्चात्त्य' ठरली. भारतीय वाचकाला गंमत वाटावी अशी ही गोष्ट आहे.

या पदार्थांबरोबर वूस्टर सॉस आला. सोया सॉस बनवणाऱ्या 'यामासा' या जुन्या घराण्याने १८८५ च्या सुमारास 'मिकाडो सॉस' नावाने त्याची जपानी आवृत्ती काढली. नव्या चवीचा सोया सॉस अशी तिची ओळख करून दिली होती. प्रयोग चालला नाही. लोकांच्या हाताला सोया सॉसची सवय होती, आणि हा रस कशावर घालायचा हे सांगणारे पदार्थ अजून सामान्य घरांत पोचायचे होते. पुढच्या दोन-तीन दशकांत ते पोचले. ओसाका, कोबे, टोकियो येथे लहानमोठे सॉस-कारखाने निघाले. जपानी कारखानदारांनी मासे कमी केले किंवा काढून टाकले, भाज्या-फळे आणि साखर वाढवली. जपानी भाषेत आजही नुसते 'सोसु' म्हटले की बहुधा हाच गडद सॉस डोळ्यांपुढे येतो.

केचपची जपानमधली नोंद अधिक नेमकी आहे. आइची प्रांतातला कानिए इचितारो हा शेतकरी १८९९ मध्ये टोमॅटो पिकवू लागला. ताज्या टोमॅटोचा वास लोकांना आवडेना, माल पडून राहू लागला. मग त्याने १९०३ मध्ये टोमॅटो सॉस आणि १९०८ मध्ये केचप व वूस्टर सॉस करायला घेतले. 'कागोमे' ही कंपनी त्यातूनच वाढली. आपल्या कृतीतल्या दोन मुख्य बाटल्या अशा एकाच शेतकऱ्याच्या घरून, एकाच वर्षी निघालेल्या दिसतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या खाऊच्या दुकानांत 'इस्सेन योशोकु' नावाचा पदार्थ मिळे. नावाचा अर्थ एका सेनचे पाश्चात्त्य जेवण. सेन हे तेव्हाचे लहान नाणे. पाण्यात कालवलेले गव्हाचे पीठ तव्यावर पातळ पसरायचे, वर पातीचा कांदा आणि असेल ते थोडे काही टाकायचे, दुमडायचे, आणि वरून वूस्टर सॉसचा हात फिरवायचा. आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात जे घावन म्हणून खपले असते, ते तिथे 'पाश्चात्त्य जेवण' कशामुळे झाले? एक कारण गव्हाचे पीठ. दुसरे कारण, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, तो सॉस. कटलेट परवडत नसलेल्या मुलाला एका नाण्यात कटलेटचा वास मिळत होता.

ओकोनोमियाकीचा एक धागा या खाऊपर्यंत जातो. मात्र खाऊचे जेवण झाले ते युद्धानंतर, आणि हिरोशिमात त्याला वेगळेच वजन आहे.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली असा अंदाज आहे. वाचलेल्यांपुढे भुकेचा प्रश्न होता. तांदूळ दुर्मीळ होता. अमेरिकेच्या मदतीतून येणारे गव्हाचे पीठ मात्र मिळत होते. लोखंडी पत्रा तापवायचा, पीठ पसरायचे, त्यावर स्वस्त कोबीचा ढीग टाकून पोट भरायचे, अशा गाड्या शहराच्या मध्यभागी उभ्या राहू लागल्या. कित्येक स्त्रियांनी घराच्या दर्शनी खोलीत अशी दुकाने काढली. अनेक दुकानांच्या नावांत लाडाचे 'चान' हे प्रत्यय म्हणून येते. परागंदा झालेल्या नातेवाइकांना आपला पत्ता लागावा म्हणून विधवांनी स्वतःची नावे दिली, असे हिरोशिमात सांगतात. ही मौखिक परंपरा आहे. सँडिसच्या गोष्टीला लावलेली कसोटी हिलाही लावायची. पण लोक कशाची आठवण जपतात, हेही इतिहासाचे साधनच आहे.

गव्हाचा धागा पुढे शीतयुद्धाच्या राजकारणातही जातो. अमेरिकेने १९५४ मध्ये आपले जादा धान्य परदेशी पाठवण्याचा कायदा केला, पीएल-४८०. जपान त्याच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी होता. भारताने १९५६ मध्ये याच कायद्याखाली करार केला. रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्लेली माणसे महाराष्ट्रात आजही भेटतील. तिथे आलेल्या गव्हातून एक आवडता पदार्थ रुजला, आपल्याकडच्या मिलोची आठवण मात्र कडवट राहिली. ही तुलना स्वतंत्र टिपणाचा विषय आहे.

हिरोशिमातील सासाकी सेइइची यांनी १९२२ मध्ये सोया सॉस आणि साके विकण्याचे दुकान काढले होते, पुढे ते व्हिनेगरही करू लागले. बॉम्बने सगळे जळाले. १९४६ मध्ये त्यांनी पुन्हा व्हिनेगर सुरू केले, नाव 'ओताफुकु', म्हणजे गोबऱ्या गालांची हसरी, शुभ मानलेली स्त्री. १९५० मध्ये वूस्टर सॉस काढला आणि तो गाडीवाल्यांकडे नेला. तक्रार लगेच आली: सॉस पाण्यासारखा आहे, धिरड्यावर थांबत नाही, ओघळून तापल्या पत्र्यावर जातो आणि चर्र करून जळतो. सॉस वाया, चवही नाही. त्या टंचाईत वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हती. गाडीवाल्यांना विचारत, करून पाहत १९५२ मध्ये ओकोनोमियाकीसाठीचा दाट, गोडसर सॉस तयार झाला. कोबेच्या 'ऑलिव्हर' कंपनीने कटलेटसाठी दाट सॉस त्याआधीच, १९४८ मध्ये काढला होता, तेव्हा दाटपणाचा शोध एकट्या हिरोशिमाचा नाही. पण या पदार्थासाठी, हा पदार्थ करणाऱ्यांच्या सांगण्यावरून सॉस बदलला गेला, हे हिरोशिमाचे. मुलांच्या खाऊत सॉसने पिठाला पाश्चात्त्य केले होते. इथे पिठाने सॉसला जपानी केले.

जपानी कृषी मानकांत आजही या सॉसची वर्गवारी दाटपणावरून होते. ०.२ पास्कल-सेकंदापेक्षा कमी तो वूस्टर, ०.२ ते २ पर्यंत मध्यम, त्यापुढे दाट. 'ओताफुकु'ने पुढे गोडव्यासाठी पश्चिम आशियातला खजूर वापरायला सुरुवात केली. इंग्लिश मूळ सॉसमध्ये चिंच आणि जपानी वंशजात खजूर! भेळेवरची आपली चिंच-खजुराची चटणी या कुटुंबातली नाही, तिचा यांच्याशी ऐतिहासिक संबंध काहीच नाही. तरी खारट-पिठूळ पदार्थाला आंबटगोड जोड हवी, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेले दिसते.

आता पुन्हा त्या वाटीकडे या. घरगुती कृतीत केचप आहे ते जपानी सॉसमधल्या भाज्या-फळांच्या गराची आणि दाटपणाची जागा भरण्यासाठी. साखर लागते, कारण परदेशी वूस्टर सॉस जपानी सॉसपेक्षा आंबट आणि उग्र असतो. गोडवा कमी वाटला तर साखरेऐवजी तीन-चार बिनबियांचे खजूर गरम पाण्यात भिजवून, वाटून, गाळून घाला. रंगही चांगला येतो. शाकाहारी असाल तर लेबल वाचा. मूळ सॉसमध्ये मासे असतात, भारतात काही बाटल्यांवर हिरवा ठिपका सापडतो. सोया सॉस चमच्यापेक्षा जास्त नको, केचपमध्ये आधीच मीठ आहे.

आणि एक प्रयोग करा. कोबीचे जाड धिरडे दोन्हीकडून भाजून झाले की तव्यावर असतानाच अर्ध्या भागावर नुसता वूस्टर सॉस ओता आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही केलेला सॉस चमच्याच्या पाठीने पसरा. पहिल्या बाजूने सॉस कडेला ओघळेल, तव्यावर चरचरेल आणि खकाणा उठेल. हिरोशिमाच्या गाडीवाल्यांची तक्रार हीच होती.