सुईवरचं चार आण्याचं नाणं

किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी माझ्या पिढीतल्या पुष्कळ घरांमध्ये होती. आमच्याही घरी होती. अण्णा गेल्यावर त्यांच्या इतर रेकॉर्डांबरोबर ती माझ्याकडे आली. पण तिच्यातलं 'सहेला रे' आता नीट ऐकता येत नाही. भूपाचा विलंबित ख्याल बऱ्यापैकी स्वच्छ लागतो. द्रुत सुरू झालं की आवाज खरखरू लागतो आणि ताना आल्या की सूर फाटतो. हा दोष गाण्याचा नाही, रेकॉर्ड काढणाऱ्यांचाही नाही. तो माझा आहे.

१९७८ साली मी नववीत होतो. आमचा रेकॉर्ड प्लेअर साधा होता आणि त्याची सुई कधी बदलली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. द्रुत आलं की सुई उडायची. मी एक शोध लावला. आर्मच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवून वरून चिकटपट्टी लावली. सुई उडायची थांबली! पुढे काही महिने मी ती बाजू रोज ऐकली. अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा ते रागावले नाहीत. नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "अरे, रेकॉर्ड पुसायची असते, दाबायची नसते."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे निवृत्तीनंतर मी अण्णांच्या रेकॉर्डा पुन्हा लावायला घेतल्या. मावसभावानं परदेशातून आणलेला एक जुना थोरेन्स टीडी-१६० टर्नटेबल माझ्याकडे होता. थाळी उत्तम फिरत होती, पण आर्म सांध्यात ढिला झाला होता आणि कार्ट्रिज संपलं होतं. दोन्ही बदलायचं ठरवलं. चार जाणकारांना विचारलं, तर चार सल्ले मिळाले. एक म्हणाला, आर्म भारी घ्या; दुसरा म्हणाला, पैसे कार्ट्रिजवर घाला. तेव्हा मी या वस्तूचा इतिहास वाचायला बसलो. निर्णय मला त्या इतिहासानंच दिला.

चपट्या तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरनं १८८७ साली आणला. त्या यंत्रात वीज नव्हती. सुई खाचेत थरथरायची, ती थरथर अभ्रकाच्या पडद्याला जायची आणि कर्ण्यातून आवाज यायचा. खोलीभर ऐकू जाईल एवढी सगळी ताकद सुईनं खाचेतूनच ओढून काढायची. म्हणून साउंडबॉक्स जड असायचा. सुईवर शंभर ग्रॅमहूनही अधिक भार पडायचा. तबकडी लाखेची. ती लाख बहुतांशी आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या भागातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून जायची. त्या लाखेत दगडाची पूड मुद्दाम मिसळलेली असे. पोलादी सुई त्या पुडीवर घासून पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणजे झिजायचं ते सुईनं. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची आणि जुनी टाकायची, असा दंडक होता. ज्या घरांनी तो पाळला नाही, तिथे सुईबरोबर रेकॉर्डही झिजली.

दुसरा प्रश्न भूमितीचा. रेकॉर्ड कापताना कापणारं डोकं कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे कमानीत जातो. त्यामुळे सुई खाचेला सगळीकडे नेमकी समांतर राहत नाही. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ साली 'द ग्रामोफोन' मासिकात यावर लिहिलं. पुढे १९३८ साली स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी त्याचं गणित पक्कं मांडलं. आर्मचं डोकं थोडं आत वळवायचं आणि सुई थाळीच्या केंद्राच्या किंचित पुढे जाईल अशी बसवायची, म्हणजे ही चूक अगदी थोडी उरते. आजही कार्ट्रिज बसवताना जो रेघांचा कागद थाळीवर ठेवतात, त्याच्यामागे हेच गणित आहे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एलपी आणली आणि सगळा हिशेब उलटला. विनाइल मऊ, खाच बारीक, आणि सुई हिऱ्याची किंवा नीलमाची. आता दगडाची पूड नाही. काही झिजणार असेल तर रेकॉर्ड झिजणार. भार दहा ग्रॅमच्या आत आणणं भागच पडलं. त्यात १९५७-५८च्या सुमारास स्टिरिओ आलं. त्याची कल्पना ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ सालीच पेटंटच्या अर्जात मांडली होती. खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई आता आडवीच नव्हे, उभीही हलू लागली. तिला तशी हलू देईल इतका हलका आणि तरीही न डगमगणारा आर्म हवा झाला.

तो आर्म एका वेगळ्याच कारखान्यात तयार झाला. इंग्लंडमधली 'एसएमई' ही छोट्या प्रतिकृती आणि सुटे भाग करणारी कंपनी. नावही 'स्केल मॉडेल इक्विपमेंट' असंच. तिचे मालक ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांना घरच्या टर्नटेबलसाठी मनासारखा आर्म मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक करवून घेतला. मित्रांनी पाहिला, मागितला, आणि १९५९ साली तो विक्रीला आला. पुढची कित्येक वर्षं हौशी माणसाचं स्वप्न म्हणजे एसएमईचा आर्म आणि त्याच्या टोकाला अमेरिकेच्या शूर कंपनीचं 'व्ही-१५'. हे कार्ट्रिज १९६४ साली आलं. ते दीड ग्रॅम किंवा त्याहूनही कमी भारावर चालायचं. शंभर ग्रॅमवरून दीड ग्रॅम! जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांत झालेला हा प्रवास.

आपल्याकडे काय होतं? बहुतेक घरांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज. त्यांचा आवाज मुळातच मोठा, वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज कमी, म्हणून प्लेअर स्वस्त पडे. पण त्यांची सुई ताठ, भारही जास्त. क्रिस्टलमधला स्फटिक तर रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा, ओल आणि उष्णता दोन्ही न सोसणारा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो किती टिकणार? मग आवाज बसला की आपण सुईला दोष द्यायचो आणि वर नाणं ठेवायचो.

नाण्यानं 'सहेला रे'च का बिघडलं, विलंबित का वाचलं, याचंही उत्तर या अभ्यासात सापडलं. थाळी एकाच गतीनं फिरते. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि आत मध्याजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाबून बसवलेला असतो. पाश्चात्त्य संगीताचंही असंच होतं. पण आपल्या ख्यालाची गंमत अशी की शांत आलाप बाहेरच्या ऐसपैस जागेत आणि द्रुत, ताना सगळ्या आतल्या अडचणीत. गाणं जिथे चढतं, नेमकी तिथेच सुईची परीक्षा असते. झिजलेली, बोथट सुई तिथली वळणं पकडू शकत नाही. ती भिंती खरवडत जाते. मी तिच्यावर आणखी अडीच ग्रॅम ठेवले होते.

मात्र यावरून 'जितकं हलकं तितकं चांगलं' असा निष्कर्ष काढला, तर तोही चुकीचा. भार फार कमी पडला तर सुई भिंत सोडते आणि पुन्हा तिच्यावर आदळते. त्यानंही खाच बिघडते. कार्ट्रिज करणाऱ्यानं जो भार सांगितला असेल, तोच बरोबर.

आणि आर्म आणि कार्ट्रिज सुटं सुटं निवडायचं नसतं. स्थळ पाहताना जसं दोन्हीकडचं पाहतात, तसं आहे हे. सुई धरणारी दांडी एका रबरी तुकड्यावर झुलते. कुठे हा झोका ताठ, कुठे मऊ. त्यावर आर्मचं ओझं. प्रत्येक झोक्याची एक आपली लय असते, तशी या जोडीचीही असते. ती सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांत बसावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डच्या चढउतारानं आर्म डुलतो. फार वर गेली तर संगीतातच शिरते. मऊ कार्ट्रिजला हलका आर्म, ताठ कार्ट्रिजला जड आर्म, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात. एक सावधगिरी बाळगायची. जपानी कंपन्या मऊपणाचा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजलेला देतात. तो दिसतो त्याहून प्रत्यक्षात झोका बराच मऊ असतो.

आता माझी निवड. एसएमई-शूर ही जुनी जोडी डोळ्यांसमोर होतीच. पण शूरनं २०१८ साली कार्ट्रिजं करणं बंद केलं आणि एसएमईनं २०१९च्या अखेरीस सुटे आर्म विकणं थांबवल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे ही इंग्लिश कंपनी २०१६ साली ज्या केडन्स समूहानं घेतली, त्याचं नातं आपल्या पुण्याशी आहे. जुनी मिळाली असती. पण जुन्या कार्ट्रिजमधलं रबर वर्षांनुवर्षं कडक होत जातं.

दुसरा पर्याय डेनॉनचं डीएल-१०३. जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेबरोबर साठच्या दशकात तयार झालेलं हे कार्ट्रिज दणकट आणि अडीच ग्रॅमवर चालणारं. पण ताठ, त्याला जड आर्म हवा, आणि माझा थोरेन्स स्प्रिंगांवर तरंगणारा, त्याला फार ओझं मानवत नाही. शिवाय त्याची सुई गोल टोकाची. माझ्या जुन्या सुईनं जिथे घासलं, साधारण तिथेच तीही बसणार.

म्हणून रेगा कंपनीचा मध्यम वजनाचा आर्म घेतला. १९८३ साली आलेल्या आरबी-३००च्या घराण्यातला, एकसंध ओतीव नळीचा. त्याला ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५ मालिकेतलं शिबाटा सुईचं कार्ट्रिज. नोरिओ शिबाटा यांनी हा आकार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चार स्पीकरच्या रेकॉर्डांसाठी काढला होता. त्याची सुई भिंतीला एका बिंदूत नाही, तर उभ्या पट्टीत टेकते. भार दोन ग्रॅम. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी जोडणी केली. रेघांचा कागद ठेवून कार्ट्रिज बसवलं आणि छोट्या तराजूवर भार मोजून दिला.

त्या रात्री रेकॉर्ड धुतली, वाळवली आणि भूप लावला. द्रुत आलं. खरखर होती, पण पूर्वीइतकी नव्हती. बोथट सुई जिथे पोहोचलीच नव्हती, त्या भिंतीच्या भागातून 'सहेला रे' पुष्कळसं परत आलं. शेवटच्या तानांपैकी काही मात्र आल्या नाहीत. त्या येणारही नाहीत. खाचेतून जे गेलं ते कुठलाच आर्म परत आणत नाही. उरलेलं तेवढं जपता येतं.

आपल्याही माळ्यावर रेकॉर्डा असतील. नवा आर्म घ्या किंवा घेऊ नका, पण आधी सुई बदला, रेकॉर्ड पुसा आणि भार मोजा. चार आण्याचं ते नाणं मी अजून ठेवलंय, पण ड्रॉवरमध्ये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)