एका शब्दावर चाललेली पेठ



इंग्रजी शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्याला एक गोष्ट अनुभवानें कळून येते. विद्यार्थ्याला अवघड शब्द फारसे अडवीत नाहींत. अडवितात ते सोपे शब्द. अवघड शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो आणि तो कोशांत सांपडतो. सोप्या शब्दाचे अर्थ मात्र घरांत, बाजारांत आणि कचेरींत विखुरलेले असतात. ‘बिझनेस’ हा असाच एक शब्द आहे. चीन देशांतील कँटन बंदरीं या शब्दाचें काय झालें, ती हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोंचतो.

प्रथम शब्दच पाहूं. ‘बिझी’ म्हणजे कामांत गुंतलेला. त्यावरून ‘बिझनेस’ म्हणजे मुळांत गुंतलेपण. पुढें त्याचा अर्थ काम, कर्तव्य, प्रकरण, धंदा असा पसरत गेला. ‘हा तुझा बिझनेस नव्हे’ असें इंग्रज म्हणतो, तेव्हां तो दुकानाविषयीं बोलत नसतो. ‘यांत तुझा संबंध नाहीं’ एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. आपल्याकडेही असे प्रकार आहेत. संस्कृतांत ‘व्यापार’ म्हणजे कोणतीही क्रिया. मराठींत तो बहुतेक दुकानापुरताच उरला. उद्योगी मुलाची आपण स्तुति करतों, आणि ‘काय उद्योग करून ठेवलास!’ असें म्हणून त्याच मुलाचा कानही धरतों.

आतां कँटनकडे वळूं. या शहराला चिनी लोक ग्वांगजौ म्हणतात. इ. स. १७५७ मध्यें चीनच्या बादशहानें असा हुकूम केला कीं, युरोपियन व्यापाऱ्यांच्या जहाजांनीं या एकाच बंदरांत यावें. ही व्यवस्था १८४२ पर्यंत टिकली. परदेशी व्यापाऱ्यांनीं नदीकांठच्या वखारींत राहावें, बायकामुलें आणूं नयेत, हंगाम संपतांच मकावला निघून जावें, आणि परवाना असलेल्या ठराविक चिनी पेढ्यांशींच देवघेव करावी, असे कडक निर्बंध होते. भाषेच्या बाबतींत तर फारच कडक. जेम्स फ्लिंट नांवाच्या इंग्रजानें चिनी भाषा शिकून १७५९ मध्यें थेट बादशहाकडे लेखी तक्रार नेली. त्याला मकावमध्यें तीन वर्षें कैदेंत ठेवण्यांत आलें. आणि ती तक्रार लिहिण्यास साह्य केल्याच्या आरोपावरून एका चिनी गृहस्थाला देहान्त शासन झालें. पुढें १८०७ मध्यें रॉबर्ट मॉरिसन हा पाद्री कँटनला आला. त्यालाही चिनी भाषा लपूनछपून शिकावी लागली, आणि त्याच्या शिक्षकांच्या जिवाला सदैव घोर असे. माझ्या व्यवसायांत भाषा शिकविण्यासाठीं प्राण पणाला लावण्याची वेळ आली नाहीं, हें आमचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

परदेशीयांनीं चिनी शिकावयाचें नाहीं, आणि व्यापार तर लाखोंचा. मग उभयतांनीं बोलावें कसें? तोड चिनी दुकानदारांनींच काढली. परक्याला आपली भाषा येत नाहीं ना, मग आपणच त्याचे शब्द घेऊं, असें त्यांनीं ठरविलें. विल्यम हंटर नांवाचा अमेरिकन व्यापारी १८२५ पासून तेथें वावरत होता. त्यानें आपल्या आठवणींत एका लहानशा चोपडीचें वर्णन केलें आहे. वखारींजवळच्या दुकानांत ती एकदोन पैशांना मिळे, आणि तिच्या मुखपृष्ठावर तिकोनी टोपी घातलेला, हातांत काठी धरलेला गोरा मनुष्य काढलेला असे. आंत चिनी शब्द देऊन त्याचा इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांतच लिहिलेला असे.

ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हे. आपला विद्यार्थी इंग्रजी शब्दावर देवनागरींत उच्चार लिहून ठेवतो, कारण आपलीं अक्षरें केवळ ध्वनि दाखवितात. चिनी लिपींतील अक्षर बहुधा अर्थासह येतें. अशा एका चोपडींत ‘थ्री’ या आंकड्यासाठीं जीं दोन अक्षरें वापरलीं आहेत, त्यांचा कँटनी उच्चार ‘तेइ-लेइ’ आणि अर्थ ‘भूगोल’! बिचाऱ्या दुकानदारानें तीन म्हणावयास शिकतांना दरवेळीं भूगोल वाचावयाचा.

या बाजारांत ‘बिझनेस’ शब्दाला नवा जन्म मिळाला. कँटनी बोलींत शब्दाच्या अंतीं ‘स’ येत नाहीं आणि इंग्रजीसारखा ‘झ’ तिच्यांत नाहीं. तेव्हां ‘बिझनेस’चें ‘पिजिन’ झालें, असें विद्वानांचें सामान्य मत आहे. पण बदल उच्चारापुरताच थांबला नाहीं. चिनी भाषेंत काम, घटना, प्रकरण आणि कर्तव्य या सर्वांना पुरणारा एक लहानसा शब्द आहे. दुकानदारानें ‘पिजिन’च्या इंग्रजी देहांत तो आपला शब्द बसविला. म्हणून चहा-रेशमाचा सौदा हें पिजिन, आणि निरोप पोंचविणें हेंही पिजिनच. ‘नो माय पिजिन’ म्हणजे तें माझें काम नव्हे. पोर्तुगीजांच्या देववाचक शब्दावरून ‘जॉस’ झाला. त्यावरून पूजाअर्चा ती ‘जॉस-पिजिन’, आणि पाद्री तो ‘जॉस-पिजिन-मॅन’. ‘एक मनुष्य’ म्हणावयास ते ‘वन पीसी मॅन’ म्हणत. इंग्रज यावर हंसत. परंतु आंकडा आणि नाम यांच्यामध्यें मोजणीचा एक शब्द घालणें हा चिनी भाषेचा नियमच आहे. आपण ‘चार जण’, ‘दहा नग’ म्हणतों, त्याचीच ती विस्तृत रीत. ज्याला इंग्रजांनीं मोडकें इंग्रजी मानलें, तें नियमानें चालणारें बोलणें होतें. नियम मात्र चिनी होते.

या पेठेंत मुंबईचे लोकही होते. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं तरुणपणीं चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्यें त्यांचें जहाज फ्रेंचांच्या हातीं सांपडलें होतें. पांढऱ्या पागोट्यांमुळें चिनी लोक पारशी व्यापाऱ्यांना ‘पांढऱ्या डोक्याचे’ म्हणत. आपल्या इकडचे शब्दही तेथें रुजले. रुपें पारखणारा तो ‘श्रॉफ’, म्हणजे आपला सराफ. लहान कागद तो ‘चिट’, म्हणजे आपली चिठ्ठी. हाँगकाँगच्या मोटारतळांवर पैसे घेणाऱ्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी आढळते. चिनी अधिकाऱ्यांना इंग्रज ‘मँडरिन’ म्हणतात, तो शब्द तर संस्कृत ‘मंत्री’ होय. मलायी आणि पोर्तुगीज मुखांतून तो तिकडे गेला.

मात्र मुंबईहून जाणाऱ्या मालांत कापसाबरोबर माळव्याची अफूही असे, हें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. चीनमध्यें अफूला बंदी होती. तरीही ती किनाऱ्यावर उतरे, आणि तिचाही सौदा पिजिनमध्येंच होई. काम, कर्तव्य आणि धंदा यांना एकच शब्द असला, म्हणजे हें काम करावें कीं करूं नये, हा प्रश्न सौद्याच्या बोलींत कोठें विचारावयाचा?

तो प्रश्न विचारणारा पुरुष १८३९ च्या मार्च महिन्यांत कँटनला आला. लिन झशू हे त्याचें नांव. त्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून जूनमध्यें ती नष्ट केली. त्याच वर्षीं इंग्लंडच्या राणीला उद्देशून त्यानें एक पत्र तयार केलें. जी वस्तु तुम्ही आपल्या देशांत अपायकारक मानतां, ती लाभासाठीं दुसऱ्यांच्या गळीं कां मारतां, असा त्याचा आशय होता. त्याच्या पदरीं इंग्रजी शिकलेले कांहीं चिनी भाषांतरकार होते. त्यांच्याकडून पत्र इंग्रजींत उतरविलें. पुढें ‘सुंदा’ नांवाचें इंग्रज जहाज फुटलें. त्यांतून वांचलेल्या लोकांना लिननें भेटीस बोलावून तें पत्र दाखविलें. त्यांच्यांतील डॉक्टरानें नंतर लिहून ठेवलें कीं, तें वाचतांना हंसूं आवरणें कठीण गेलें. प्रश्न एवढा गंभीर. पण वाचणाऱ्याला त्यांतील इंग्रजीच दिसली. युद्ध पेटलें त्याचीं कारणें पैशाचीं आणि सत्तेचीं होतीं. चांगल्या इंग्रजीनें तें टळलें असतें, असें मी म्हणत नाहीं. १८४२ च्या तहानें हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें आणि पांच बंदरें खुलीं झालीं. १८४४ च्या अमेरिकन तहांत तर चिनी शिक्षक नेमून भाषा शिकण्याची मोकळीक मुद्दाम कलम घालून मिळविण्यांत आली.

हा डॉक्टर माझ्या परिचयाचा वाटतो, कारण मीही एकदां असाच हंसलों आहें. माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवडाभर गैरहजर होता. परत आल्यावर मीं इंग्रजींत कारण विचारलें. तो उभा राहून म्हणाला, ‘मदर बिझनेस, सर.’ वर्ग हंसला आणि मीही हंसलों. ‘बिझनेस म्हणजे काम’ हा अर्थ मींच त्याच्या वहींत उतरवून दिला होता. त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि तो तिची शुश्रूषा करीत होता, हें मला दोन दिवसांनीं दुसऱ्या मुलाकडून कळलें. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाहीं.

चिनी लोकांनीं मात्र हात खालीं घेतला नाहीं. मकावला १८३९ मध्यें सुरू झालेल्या मॉरिसन शाळेंतील युंग विंग हा विद्यार्थी १८५४ मध्यें अमेरिकेंतील येल विद्यालयाचा पदवीधर झाला. तांग तिंगशू यांनीं १८६२ मध्यें आपल्या व्यापारी बांधवांसाठीं सहा भागांचें इंग्रजी-शिक्षणाचें पुस्तक काढलें, आणि त्याच वर्षीं पेकिंगमध्यें परभाषांची सरकारी शाळा निघाली. शुद्ध इंग्रजी पसरली तशी कँटनची ती बोली विसाव्या शतकांत लोपली. परंतु तिचें नांव उरलें. दोन अपरिचित समाज गरजेपोटीं जी मधली भाषा घडवितात, तिला भाषाशास्त्रज्ञ जगभर ‘पिजिन’च म्हणतात.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंति करून मी रजा घेतों. उद्यां वर्गांत एखादें मूल चुकीचें वाक्य बोलेल. तें सुधारण्यापूर्वीं, त्याला काय सांगावयाचें आहे तें आधीं त्याच्याच भाषेंत विचारावें.