पाचर, पेला आणि चकची चावी

स्टीलचे दोन पेले एकात एक घातले आणि ते अडकून बसले, हा प्रसंग कोणत्या घरात आला नसेल? ओढून निघत नाहीत, पिळून निघत नाहीत. मग आई बाहेरच्या पेल्यावर गरम पाणी ओतते, आतल्यात गार पाणी भरते आणि पेले सुटतात. त्याच मांडणीवर वाट्याही एकात एक रचलेल्या असतात. त्या मात्र कधी अडकत नाहीत. वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. ‘पेला उंच असतो म्हणून’, ‘आत हवा अडकते म्हणून’ अशी उत्तरे येतात. खरे कारण भिंतीच्या कलात आहे.

मोजणे सोपे आहे. समजा, पेल्याचा वरचा व्यास 7 सेंमी, तळाचा 5 सेंमी आणि उंची 11 सेंमी आहे. म्हणजे 11 सेंमी चढताना भिंत प्रत्येक बाजूला 1 सेंमी बाहेर जाते. उभ्या रेषेशी तिचा कोन साधारण 5 अंश. आता पोलादावर पोलाद घासताना घर्षण गुणांक 0.15 धरू. ज्या कोनाचा टॅन्जंट 0.15 येतो तो कोन साडेआठ अंशांचा. याला घर्षणकोन म्हणतात. भिंतीचा कल घर्षणकोनापेक्षा कमी असेल, तर एकदा दाबून बसवलेली वस्तू आपण होऊन सुटत नाही. कल त्याहून जास्त असेल, तर हात काढताच ती सैल होते. वाटीची भिंत वीस-पंचवीस अंशांनी कललेली असते. ती अडकणार कशी?

हे गणित मी पुस्तकात पुढे कधीतरी शिकलो. आधी पाहिले ते मलकापूरला, एका मिस्त्रींच्या हातात.

मलकापूर हे कापसाचे गाव. जीआयपी रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाडातून जात 1867 मध्ये नागपूरला पोचला, आणि या मार्गावरच्या गावांमध्ये सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जिनिंगच्या यंत्रात चामड्याचा रूळ आणि पोलादी पट्ट्या अहोरात्र एकमेकांवर घासतात. हंगामात काहीतरी झिजणार, काहीतरी तुटणार हे ठरलेले. त्यामुळे जिनिंग आले की मागोमाग लेथ आणि ड्रिल मशीन आलेच. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे शाळेत होतो, तेव्हा हमरस्त्यालगतच्या अशाच एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळी जाऊन बसत असे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पंपाचे दांडे, जिनिंगचे सुटे भाग असे काय वाटेल ते तिथे येई.

मिस्त्री मोठे भोक पाडायचे ठरवत, तेव्हा यंत्राला लावलेले लहान ड्रिल काढून अंगठ्याहून जाड ड्रिल उचलत. त्याचा बुडखा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत शँक, गाजरासारखा निमुळता असे. तो चिंधीने पुसत, मग तळव्याने पुसत आणि यंत्राच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, पोकळीत खालून एक झटका देऊन बसवत. बस्स. बोल्ट नाही, पिन नाही, आटे नाहीत. एवढ्यावर ते ड्रिल पोलादाची पट्टी कुरतडत खाली जाई. मी एकदा न पुसताच ड्रिल त्यांच्या हाती द्यायला गेलो, तर ओरडले, “आधी पुस त्याले! पुसल्याबिगर लावशीन, त जागच्या जागीच फिरन.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. धूळ किंवा लोखंडाचा एखादा बारीक कीस मध्ये राहिला, तर दोन्ही शंकू पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाहीत, दोन-तीन ठिपक्यांवर टेकतात. मग ड्रिल पोकळीत गरगर फिरते, पोकळीला चरे पडतात आणि ती पोकळी पुढे कोणतेच ड्रिल नीट धरत नाही.

या निमुळत्या शंकूला जगभर मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टीफन मोर्स याने 1863 मध्ये पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले आणि 1864 मध्ये त्यासाठी कंपनी काढली. त्याआधी धातूला भोक पाडायचे ते लोहाराने ठोकून चपटे केलेल्या टोकाने. आपल्याकडच्या सुताराच्या सामत्यालाही तसेच चपटे पाते असते. चपटे पाते खरवडते. कीस बाहेर पडायला वाट नसते, म्हणून दर थोड्या वेळाने ते बाहेर काढावे लागते. मोर्सच्या ड्रिलवरच्या नागमोडी खोबणींतून कीस आपोआप वर चढू लागला. त्यामुळे ड्रिल जोरात दाबता येऊ लागले, आणि ते पकडून ठेवण्याचा प्रश्न तितकाच मोठा झाला.

शंकूने तो कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. मोर्स टेपरची जाडी दर फुटाला सुमारे पाच अष्टमांश इंच वाढते, म्हणजे प्रमाण साधारण 1 ला 19 ते 20, आणि एका बाजूचा कल जेमतेम दीड अंश. घर्षणकोन साडेआठ अंश, कल दीड अंश. मग सुटण्याचा प्रश्नच नाही. शिवाय पाचरीचा गुण इथे येतो. ड्रिल ज्या जोराने वर दाबले जाते, त्याच्या साडेपाच पटींहून अधिक जोराने शंकूच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जातात. म्हणून भोक पाडताना हात जितका जड, तितकी पकड घट्ट. कुदळीचा दांडा वरून घालतात, खालून नव्हे. नेढ्याच्या निमुळतेपणामुळे घाव घालताना कुदळ दांड्यावर अधिकच घट्ट बसते. तत्त्व तेच.

शँकच्या टोकाला एक चपटी जीभ असते. ती पोकळीच्या वरच्या खाचेत बसते, म्हणून पुष्कळ जण समजतात की ड्रिल त्या जिभेमुळे फिरते. पुस्तकांतही क्वचित तसे लिहिलेले सापडते. पण फिरवण्याचे काम मुख्यतः शंकूच्या घर्षणाचे आहे. जीभ हवी असते ती ड्रिल काढताना: स्पिंडलच्या आडव्या खाचेतून एक चपटी पाचर घालून हातोडीने टोला दिला की ती जिभेला खाली ढकलते. पाचरीने अडकवलेले पाचरीने काढायचे. ज्या यंत्रावर जिभा वरचेवर तुटतात, तिथे शंकू झिजलेला आहे असे समजावे.

मोर्स टेपरचे आकार क्रमांक 0 ते 7 असे आहेत, आणि त्यात एक गंमत आहे. सर्वांचा कल एकच असावा अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात क्रमांक 2 चा कल फुटाला 0.599 इंच, क्रमांक 3 चा 0.602, तर क्रमांक 5 चा 0.632 आहे. एकोणिसाव्या शतकातली मूळ मापकेच काटेकोर नव्हती असे याचे कारण सांगतात. ते खरे असो वा नसो, एकदा हजारो यंत्रे त्या मापांची झाल्यावर माप सुधारणे अशक्य झाले, आणि ते वेडेवाकडे आकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणकात दशांशासह जाऊन बसले. प्रमाणीकरण म्हणजे शुद्ध गणित असे मुलांना वाटते. त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

त्या काळात यंत्रे एकेकट्या मोटारीवर चालत नसत. छताखाली एक लांब दांडा फिरे, त्याला वाफेचे किंवा तेलाचे इंजिन जोडलेले असे, आणि चामडी पट्ट्यांनी तीच फिरकी प्रत्येक यंत्राला मिळे. हत्यार अडकले की पट्टा घसरे. ही उणीवच खरे तर सुरक्षा होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर दोन गोष्टी जवळजवळ एकदम आल्या. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या हायस्पीड स्टीलने लालभडक होईपर्यंत कापूनही धार टिकवून दाखवली, आणि यंत्रांना स्वतःच्या विजेच्या मोटारी मिळू लागल्या. वेग वाढला, जोर वाढला, घसरणारा पट्टा हळूहळू गेला. आता हत्यार अडकले तर काहीतरी तुटणार, किंवा पकड सुटणार.

आपल्याकडे ही विद्या आयात यंत्रांबरोबर रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या वर्कशॉपमधून आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात कुंडलरोड स्टेशनाजवळ कारखाना मांडला तो नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली, तेव्हा किर्लोस्करांनी लेथ बनवण्यात लक्ष घातले. 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली ती त्यासाठीच. सरकारी एचएमटी 1953 मध्ये बेंगळूरला आली. देशी लेथच्या मागच्या आधाराला, म्हणजे टेलस्टॉकला, पोकळी मात्र त्याच जुन्या मोर्स मापाची राहिली. म्हणून मलकापूरच्या मिस्त्रींना विलायती ड्रिल देशी यंत्रात बसवताना विचार करावा लागत नसे.

मोर्स टेपर भोक पाडायला उत्तम, पण मिलिंगला निरुपयोगी. मिलिंगमध्ये दात असलेले चाक बाजूने कापते, प्रत्येक दात एक धक्का देतो, आणि पिळाचे दात हत्याराला कधीकधी पोकळीतून खालीही ओढतात. दीड अंशाचा शंकू अशा थरथरीत हळूहळू सुटतो. शिवाय हत्यार दिवसातून अनेकदा बदलायचे तर प्रत्येक वेळी हातोडी कुठे मारणार? 1920च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी यंत्रकारांनी वेगळाच शंकू स्वीकारला: लांबी 24, तर व्यासातला फरक 7. एका बाजूचा कल 8.3 अंश. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हा कोन घर्षणकोनाच्या अगदी काठावर आहे. म्हणजे हा शंकू पकडत नाही, फक्त मध्यावर आणतो. पकडण्याचे काम मागून ओढणाऱ्या लोखंडी सळीचे, ड्रॉबारचे. फिरवण्याचे काम तोंडाशी असलेल्या दोन चाव्यांचे. तीन कामे तिघांना वाटून दिली. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांत हत्यार काही सेकंदांत आपोआप बदलते, ते याच निसटत्या शंकूमुळे.

वेग आणखी वाढला, तेव्हा यालाही मर्यादा पडली. मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांना स्पिंडलचे तोंड केंद्रोत्सारी ताणाने काही मायक्रॉन फुलते. ओढणारी सळी तयारच असते; ती हत्यार तेवढे आत खेचते. खोली चुकते, आणि यंत्र थांबल्यावर तोंड आकसून शंकू आवळला जातो. जर्मनीत आखन येथे 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर पोकळ शँक योजला गेला. पातळ भिंतीचा, 1 ला 10 कलाचा हा शंकू स्पिंडलबरोबर स्वतःही फुलतो, आणि त्याची बैठक स्पिंडलच्या सपाट तोंडावरही टेकते, त्यामुळे तो आत जाऊच शकत नाही.

दुसरा उपाय आपल्या वाचकांना अधिक ओळखीचा वाटेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती जाळात तापवतात, चाकावर घालतात आणि वर पाणी ओततात. सव्वा मीटर व्यासाची धाव 600 अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे 9 मिलिमीटरने वाढतो. बारीक हत्यारे हल्ली तशीच बसवतात. 20 मिलिमीटरचे भोक 300 अंशांनी तापवले की ते सुमारे 0.07 मिलिमीटर मोठे होते. त्यात हत्यार सोडायचे आणि थंड होऊ द्यायचे. काढायचे तर पुन्हा तापवायचे. हत्यार कार्बाइडचे असते, आणि ते पोलादाच्या निम्म्याइतकेच प्रसरण पावते, म्हणून दोन्ही तापली तरी फट पडतेच.

चकची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. लहान ड्रिलांना निमुळता शँक करणे महाग, म्हणून ती सरळ दांड्याची असतात आणि तीन जबड्यांच्या चकमध्ये धरतात. हा चक आर्थर जेकब्ज या अमेरिकनाचा, पेटंट 1902 चे. जुना चक पान्याने आवळताना त्याची बोटे सोलपटली आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी गोष्ट त्याच्या कंपनीत सांगत. चकच्या आत तीन तिरपी भोके असतात. दातेरी कडे फिरवले की जबडे त्या भोकांतून तिरपे खाली सरकत एकमेकांजवळ येतात. इथेही पाचरच. कडे फिरवायला दातेरी टोकाची चावी लागते, आणि पकड घट्ट झाल्यावरही ती चावी चकमध्ये आपली आपण उभी राहू शकते.

नववीत असताना शाळेच्या तांत्रिक विभागात मी ड्रिल आवळले, चावी तशीच ठेवली आणि नोकरीवरची पट्टी, म्हणजे ज्यात भोक पाडायचे तो तुकडा, सरळ करू लागलो. पलीकडच्या मित्राने बटण दाबले. चावी सुटली आणि त्याच्याच भुवईच्या वर लागली. चार टाके पडले. बोटभर खाली लागली असती तर डोळाच गेला असता. शिक्षा दोघांना झाली, मला जास्त, आणि ती योग्यच होती. दुसऱ्या दिवशी यंत्रावर ‘चावी काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नये’ अशी पाटी लागली. चावी मात्र तीच राहिली.

पुष्कळ वर्षांनी एका प्रयोगशाळेत चकची चावी हातात घेतली, तर ती चकमध्ये राहीना. हात काढला की बाहेर. तिच्या टोकात एक छोटी स्प्रिंग होती. दाबून धरल्याखेरीज चावी आत टिकतच नव्हती. त्या स्प्रिंगमध्ये पेनच्या स्प्रिंगहून फारसे अधिक काही नव्हते. मी सुटीत मलकापूरला गेलो तेव्हा तशी एक चावी बरोबर नेली. मिस्त्री आता थकले आहेत, त्यांचा मुलगा वर्कशॉप पाहतो. मिस्त्रींनी ती चकमध्ये घातली, सोडली, ती बाहेर पडली. पुन्हा घातली, पुन्हा सोडली. असे चार-पाचदा झाल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली आणि जुनी चावी भंगाराच्या डब्यात टाकायला सांगितली.