स्वस्त संगणकाचा रस्ता जळकोटपर्यंत

तुळजापूर तालुक्यातलं जळकोट पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे. एका बाजूला नळदुर्ग ओलांडून सोलापूर, दुसऱ्या बाजूला उमरग्यावरून हैदराबाद. गेम खेळण्याजोगा संगणक स्वतः जुळवायचा, तर पुण्याच्या दुकानांपासून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरपर्यंतचा बाजार याच रस्त्यावर येतो. पण या धंद्याचं माहेर म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. 1984 च्या संगणक धोरणाने आयातीचं दार किलकिलं केलं आणि 1991 नंतर ते बरंच उघडलं. तरी ब्रँडेड संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच होता. मग दुकानदार कोटेशन लिहून द्यायचा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट. गिऱ्हाईक त्यात काटछाट करायचं. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. ‘असेंबल्ड’ संगणक गावोगावी पोचला, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

काटछाटीतली खरी हुशारी दिसली ती 1998 मध्ये. इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्तातला प्रोसेसर. त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या ‘बस’चा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला, की 300 चा प्रोसेसर 450 ने धावायचा आणि बहुतेक वेळा टिकायचाही. महागड्या पेंटियम टूची बरोबरी करणारी ही युक्ती जगभरच्या हौशी मंडळींनी उचलली. वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घालायचा, हा हिशेब तेव्हापासून रूढ झाला. तो आजही बरोबर आहे.

जळकोटसारख्या मराठवाड्यातल्या गावात मात्र या हिशेबात आणखी एक भाग येतो: एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग. ग्रामीण महाराष्ट्राने तासन् तास भारनियमन सोसलं आहे आणि व्होल्टेजचा चढउतार तर नेहमीचाच. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले वॅट प्रत्यक्षात क्वचितच मिळतात. तो जळाला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. हजार-दोन हजार रुपये वाचवण्याची ही जागाच नव्हे.

फेब्रुवारी 2018 मध्ये एएमडीचा रायझन 3 2200जी आला. ग्राफिक्स कार्डांवर चालणाऱ्या क्रिप्टो मायनिंगमुळे तेव्हा कार्डांचे भाव भडकले होते. या प्रोसेसरच्या पोटातच वेगा ग्राफिक्स असल्याने वेगळं कार्ड न घेताही बरेच गेम चालायचे. अट एकच: रॅमची एक पट्टी न लावता दोन सारख्या पट्ट्या लावायच्या. अशा मशीनमध्ये मुख्य रॅमच ग्राफिक्सच्या कामी येते, त्यामुळे दोन पट्ट्यांनी गेमचा वेग ठळक वाढतो. कार्ड पुढे, हातात पैसे आल्यावर.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंग बंद केलं आणि त्यासाठी वापरलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. स्वस्त होती, पण घेणाऱ्याने मूळ बिल, उरलेली वॉरंटी आणि पंख्याचा आवाज तपासावा, कार्ड अर्धा तास गेमवर चालवून तापमान पाहावं आणि मगच पैसे मोजावेत.